स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लाइव्ह जाण्याआधी आणि गेल्यावर: टेस्टिंगचा आमचा क्रम

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा, पैसे सांभाळणारा प्रोग्राम. त्याच्या सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे पास झाल्या, की बऱ्याच टीम ऑडिटची (बाहेरच्या तज्ज्ञांकडून कोड तपासून घेण्याची) तारीख ठरवायला घेतात. आम्ही त्या वेळी पुन्हा पहिल्या टेस्टपाशी जातो आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारतो: कोडमध्ये नेमकं काय बिघडलं तर ही लाल होईल? उत्तर देता आलं नाही, तर ती टेस्ट आमच्या लेखी नसल्यातच जमा. इतर सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली की दुरुस्ती ढकलता येते, बॅकअप परत आणता येतो. इथे कोड कोणीही, कोणत्याही क्रमाने चालवू शकतो, आणि गेलेले पैसे परत फिरवायला बटण नसतं. २०१६ मध्ये द डाओ या सामायिक गुंतवणूक निधीच्या कॉन्ट्रॅक्टमधून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियम ब्लॉकचेनचं चलन) गेले तेव्हा ते परत मिळवायला सगळ्या इथेरियमलाच हार्ड फोर्क (नेटवर्कच्या नियमांतच बदल) करावा लागला.

पुढचं सगळं एका साध्या व्हॉल्टला (ठेवी सांभाळणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला) धरून लिहितो. सहा दशांश स्थानांचं टोकन जमा करायचं, बदल्यात शेअर मिळतात, पैसे काढताना शेअर नष्ट होतात. अ‍ॅडमिनला व्हॉल्ट पॉज करता येतो आणि कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सीमागे आहे, म्हणजे पत्ता तोच ठेवून मागचा कोड अपग्रेड होऊ शकतो. भाषा सॉलिडिटी, टेस्टसाठी फाउंड्री.

सुरुवात युनिट टेस्टपासून (एकेका फंक्शनच्या टेस्टपासून), आणि त्यातही नकारात्मक टेस्टपासून: कोणाला काय करता येऊ नये. फसव्या हिरव्या टेस्ट सगळ्यात जास्त इथेच सापडतात. उदाहरणार्थ, प्रँक ही फाउंड्रीची आज्ञा वापरून पुढचा कॉल अलिसच्या पत्त्यावरून करायचा आहे आणि जमा करायची रक्कम म्हणून तिचं टोकन बॅलन्स द्यायचं आहे. बॅलन्स विचारणं हाही एक बाहेरचा कॉलच. कंसातली किंमत आधी काढली जाते, प्रँक तिथेच खर्ची पडतो, आणि खरं डिपॉझिट टेस्ट कॉन्ट्रॅक्टच्या नावावर जातं. रिव्हर्टची (व्यवहार नाकारून मागे फिरवला जाण्याची) अपेक्षा नोंदवतानाही अगदी हीच गत होते. म्हणून किंमत आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्यायची, प्रँक मग, आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीवर कॉल.

दुसरा फसवा प्रकार: रिव्हर्ट अपेक्षित आहे एवढंच लिहिलं, कोणता एरर ते लिहिलंच नाही. ‘परक्या पत्त्याला फी बदलता येत नाही’ ही टेस्ट मग फीची रक्कम मर्यादेबाहेर होती म्हणूनही पास होते. परवानगीची तपासणी काढून टाकली तरी ती हिरवीच. आमचा नियम सरळ आहे. प्रत्येक नकारात्मक टेस्टमध्ये एररचं नाव आणि शक्य तिथे त्याचे आर्ग्युमेंट लिहायचे. मग कोडमधली ती तपासणी हाताने कॉमेंट करून टेस्ट चालवायची. लाल झाली तर ठेवायची, नाहीतर पुन्हा लिहायची.

हेच काम मोठ्या प्रमाणावर करायला म्युटेशन टेस्टिंग आहे. गॅम्बिट किंवा स्लिदरसोबत (कोड न चालवताच चुका शोधणारं साधन) येणारं म्युटेशनचं साधन कोडमध्ये मुद्दाम छोटे बिघाड करतं. ‘मोठं किंवा समान’चं नुसतं ‘मोठं’, अधिकचं वजा, एखादी ओळच गायब. प्रत्येक बिघाडावर सगळ्या टेस्ट चालतात आणि जे बिघाड एकाही टेस्टला दिसले नाहीत त्यांची यादी हातात येते. कव्हरेजच्या टक्क्यांपेक्षा आमचा या यादीवर कितीतरी जास्त भरवसा आहे. कव्हरेज सांगतं की ओळ चालली. तिचा निकाल कोणी तपासला का, ते सांगत नाही. त्यातही फाउंड्रीचा कव्हरेज रिपोर्ट ऑप्टिमायझर (कोड आटोपशीर करणारा कंपायलरचा भाग) बंद करून चालतो, म्हणजे मोजला जातो तो लाइव्ह जाणारा बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) नसतोच.

आणखी एक गोची व्हाया-आयआर हा कंपायलरचा पर्याय चालू केल्यावर येते. एका व्यवहारात ब्लॉकची वेळ बदलत नाही असं ऑप्टिमायझर धरून चालतो. ते बरोबरच आहे, फक्त टेस्टमध्ये आपण फाउंड्रीच्या वार्प आज्ञेने वेळ पुढे ढकलतो. परिणामी टेस्टमध्ये वाचलेली वेळ जुनीच राहते आणि व्याजाची गणितं चुकलेली दिसतात. वेळ वाचायला फाउंड्रीचंच चीटकोड (टेस्टपुरती खास आज्ञा) वापरलं की हे थांबतं.

फझिंगमध्ये, म्हणजे आपोआप बनवलेले वेगवेगळे इनपुट देऊन टेस्ट करण्यात, फाउंड्री मुळात प्रत्येक टेस्ट २५६ वेळा चालवते. रोजच्या कामाला ते ठीक आहे. रात्रीच्या रनला आम्ही आकडा एक लाखावर नेतो. इनपुट गाळायला अझ्यूम वापरला तर बहुतेक इनपुट फेकले जातात आणि उरलेले एकाच कोपऱ्यात गोळा होतात. बाउंडने आकडा हव्या त्या पट्ट्यात आणावा. खालची सीमा ठरवताना शून्य आणि एक ही टोकं सोडू नयेत, कारण राउंडिंगचे बग तिथेच बसलेले असतात.

पण व्हॉल्टसारख्या कॉन्ट्रॅक्टमध्ये खरा ऐवज इन्व्हेरियंट टेस्टमध्ये आहे, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. इन्व्हेरियंट म्हणजे कोणीही कोणत्याही क्रमाने काहीही केलं तरी टिकलाच पाहिजे असा नियम. व्हॉल्टसाठी चार पुरतात: सगळे शेअर एकदम काढले तरी देणं भागेल एवढं टोकन आत आहे, एकूण शेअर म्हणजे सगळ्यांच्या शेअरची बेरीज, तोटा नोंदवल्याशिवाय शेअरची किंमत उतरत नाही, आणि जमा करून लगेच काढलं तर जमा करणाऱ्याचं राउंडिंगपलीकडे काही जात नाही आणि त्याला काही जास्तही मिळत नाही.

चौथा नियम कागदावर साधा वाटतो, म्हणून तो आकड्यांत बघू. व्हॉल्ट रिकामा आहे. हल्लेखोर टोकनचं सगळ्यात लहान एक एकक जमा करतो आणि त्याला १ शेअर मिळतो. मग तो डिपॉझिट न करता १०,००० टोकन सरळ व्हॉल्टच्या पत्त्यावर पाठवतो. आता एका शेअरमागे १०,००० टोकन आणि वर एक एकक आहे. पुढचा माणूस २०,००० टोकन जमा करतो. भागाकार येतो १.९९..., सॉलिडिटी अपूर्णांक टाकून देते, त्याच्या हाती १ शेअर. आत ३०,००० टोकन, शेअर दोन; प्रत्येकाचे १५,०००. हल्लेखोर ५,००० टोकन घेऊन निघून जातो. आणि त्या माणसाने ९,९९९ टोकन जमा केले असते तर त्याला शून्य शेअर मिळाले असते.

हा बग नेहमीच्या टेस्टला का दिसत नाही? दोन कारणं. सेटअपमध्येच कोणीतरी मोठी रक्कम जमा केलेली असते, त्यामुळे रिकामा व्हॉल्ट टेस्ट कधी बघतच नाही. आणि इन्व्हेरियंटच्या हँडलरमध्ये (फझरने कोणत्या कृती करायच्या ते सांगणाऱ्या कोडमध्ये) डिपॉझिट, विथड्रॉ, ट्रान्सफर एवढ्याच कृती लिहिलेल्या असतात. ‘टोकन थेट व्हॉल्टला पाठव’ ही कृती नसते. फझर दिलेल्या कृतींबाहेर जात नाही. म्हणून हँडलर लिहिताना कॉन्ट्रॅक्टची फंक्शन मोजून थांबू नये. बाहेरचा माणूस त्या पत्त्याशी जे जे करू शकतो ते सगळं लिहावं. ओपनझेपेलिन या तयार कोडच्या लायब्ररीच्या ४.९ आवृत्तीपासूनच्या व्हॉल्टमध्ये आभासी शेअर धरले जातात, त्यामुळे हा हल्ला हल्लेखोरालाच तोट्यात टाकतो. तो कोड वापरला तरी टेस्ट आम्ही ठेवतोच, कारण पुढे कोणीतरी किमतीचं फंक्शन ओव्हरराइड करतं आणि ते संरक्षण चुपचाप निघून जातं.

इन्व्हेरियंट टेस्टचीही एक फसवी हिरवी खूण आहे. फाउंड्रीत मुळात २५६ रन आणि प्रत्येकी ५०० कॉल असतात, आणि कॉल रिव्हर्ट झाला तरी टेस्ट पडत नाही. ‘फेल ऑन रिव्हर्ट’ बंद असतं. हँडलरमध्ये अप्रूव्हल (व्हॉल्टला आपली टोकन घेऊ द्यायची परवानगी) द्यायचं राहिलं तर सगळे डिपॉझिट रिव्हर्ट होतात, व्हॉल्ट शेवटपर्यंत रिकामा राहतो आणि रिकाम्या व्हॉल्टवर चारही नियम दिमाखात टिकतात. त्यामुळे प्रत्येक कृती किती वेळा यशस्वी झाली याचे काउंटर हँडलरमध्ये ठेवा आणि शेवटी छापा. विथड्रॉपुढे शून्य दिसलं तर त्या रनला अर्थ नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये ऑयलर फायनान्स या कर्ज देणाऱ्या प्रोटोकॉलमधून सुमारे १९.७ कोटी डॉलर गेले, त्यामागे एक नंतर जोडलेलं फंक्शन होतं. स्वतःची ठेव राखीव निधीला दान करण्याचं. दान केल्यावर त्या खात्याचं कर्ज तारणात बसतं का, ही तपासणी त्यात नव्हती. ‘खातेदाराच्या कोणत्याही यशस्वी कॉलनंतर त्याचं खातं सुस्थितीतच असलं पाहिजे’ असा नियम हँडलरमधल्या प्रत्येक कृतीनंतर तपासला आणि नवं फंक्शन आलं की हँडलरमध्ये घातलं, तर हा प्रकार पकडण्याजोगा आहे. आम्ही यासाठी सीआयमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) एक बारीकशी तपासणी ठेवतो: एबीआयमध्ये (कॉन्ट्रॅक्टच्या फंक्शनच्या यादीत) असलेलं पण हँडलरमध्ये नसलेलं, स्टेट बदलणारं फंक्शन सापडलं की बिल्ड पडतो.

आता खरी टोकन. मॉक (टेस्टसाठी बनवलेलं नकली) टोकन कायम गुणी असतं. खरं यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं टोकन) ट्रान्सफरनंतर काहीच परत करत नाही, आधीचं अप्रूव्हल शून्य केल्याशिवाय नवं घेत नाही, आणि त्याच्या कोडमध्ये ट्रान्सफरवर फी लावायची सोय आहे. यूएसडीसी पत्ता ब्लॅकलिस्ट करू शकतं. वाटपाच्या लूपमध्ये असा एक पत्ता आला तर सगळं वाटप अडकतं. या टेस्ट मेननेटच्या (खऱ्या इथेरियमच्या) फोर्कवरच, म्हणजे त्याच्या आपल्याकडच्या प्रतीवरच कराव्यात, ब्लॉक नंबर पक्का करून. नंबर सोडला तर कालची हिरवी टेस्ट आज लाल होते आणि कारण शोधण्यात दिवस जातो. डील चीटकोडने बॅलन्स भरताना एसटीइथसारख्या रिबेस होणाऱ्या (बॅलन्स आपोआप बदलणाऱ्या) टोकनवर अडचण येते, कारण तिथे बॅलन्स साठवलेलं नसून शेअरवरून मोजलेलं असतं. तिथे मोठ्या धारकाच्या पत्त्यावरून प्रँक करून ट्रान्सफर करणं सोपं.

पक्क्या ब्लॉकसोबत रात्री एक रन ताज्या ब्लॉकवरही हवा. पायाखालची जमीन बदलते. इथेरियमच्या मे २०२५ च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर साध्या वॉलेटच्या पत्त्यालाही कोड जोडता येतो, त्यामुळे ‘कोडची लांबी शून्य म्हणजे माणूस’ किंवा ‘व्यवहाराचा मूळ प्रेषक आणि कॉल करणारा एकच, म्हणजे मधे कॉन्ट्रॅक्ट नाही’ अशा समजुतींवर उभ्या तपासण्या आता धरत नाहीत.

किमतीच्या फीडसाठी (चेनवर बाहेरचा भाव पुरवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टसाठी) जुना भाव, शून्य भाव, ऋण भाव आणि दशांश स्थानं या चार टेस्ट किमान. मेननेटवरच्या चेनलिंकच्या इथर-डॉलर फीडला ८ दशांश स्थानं आहेत आणि भाव अर्ध्या टक्क्याने हलला नाही तरी ३,६०० सेकंदांनी तो नव्याने लिहिला जातो. वयाची मर्यादा नेमकी ३,६०० ठेवली तर नवा भाव काही सेकंद उशिरा ब्लॉकमध्ये आला की सगळे व्यवहार विनाकारण अडतात. थोडी ढील द्यावी.

स्लिदर आम्ही पहिल्या दिवसापासून चालवतो. खोटे इशारे बरेच येतात. प्रत्येकापुढे का सोडला ते एका ओळीत लिहून ठेवतो. ऑडिटला कोड देताना कमिट हॅश (कोडच्या नेमक्या आवृत्तीची खूण) गोठवायचा. ऑडिटनंतरची ‘छोटीशी दुरुस्ती’ पुन्हा ऑडिटरकडे गेलीच पाहिजे, मग ती दोन ओळींची का असेना.

सेपोलिया या इथेरियमच्या टेस्ट नेटवर्कवर आम्ही कॉन्ट्रॅक्टचं गणित तपासत नाही. तिथे खरी लिक्विडिटी नाही, भाव खरे नाहीत. तिथे तपासायचं ते माणसांचं काम: वॉलेटमध्ये व्यवहार कसा दिसतो, इंडेक्सर (चेनवरची माहिती वाचून नोंदवणारा प्रोग्राम) मागे पडतो का, मल्टिसिगवर (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटवर) सह्या गोळा व्हायला किती वेळ लागतो.

डिप्लॉय स्क्रिप्ट हाही कोडच आहे आणि तिलाही टेस्ट लागतात. आमच्या टेस्टचा सेटअप स्वतंत्र डिप्लॉय करत नाही, तीच स्क्रिप्ट चालवतो. म्हणजे स्क्रिप्टमधला चुकीचा आर्ग्युमेंट रोज तपासला जातो. प्रॉक्सी बनवणं आणि इनिशियलाइझ करणं (मालक आणि सुरुवातीच्या किमती ठरवणं) एकाच व्यवहारात झालं पाहिजे. मधे एक ब्लॉक जरी गेला तरी दुसरा कोणी आधी इनिशियलाइझ करून मालक होऊ शकतो. प्रॉक्सीमागच्या मूळ कॉन्ट्रॅक्टचा इनिशियलायझर कन्स्ट्रक्टरमध्येच बंद करायचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटीच्या मल्टिसिग वॉलेटची सामायिक लायब्ररी अशीच इनिशियलाइझ न केलेली राहिली होती. एकाने तिची मालकी घेऊन ती नष्ट केली आणि पाच लाखांहून जास्त इथर कायमचे अडकले. दुसऱ्या चेनवर जाताना कंपायलरचं ईव्हीएम (कॉन्ट्रॅक्ट चालवणारं आभासी यंत्र) व्हर्जन बघावं: सॉलिडिटी ०.८.२० पासून मुळात शांघाय हे व्हर्जन धरलं गेलं आणि त्यातला पुश-झिरो ऑपकोड (यंत्राची सूचना) नसलेल्या चेनवर तो बाइटकोड चालत नाही.

डिप्लॉय झाल्यावर स्क्रिप्टने काय छापलं यावर विसंबायचं नाही. दुसरी, फक्त वाचणारी स्क्रिप्ट चेनवरून सगळं नव्याने वाचते. ईआयपी-१९६७ या प्रॉक्सीच्या मानकाने ठरवलेल्या स्लॉटमधला इम्प्लिमेंटेशनचा पत्ता, मालक, टाइमलॉकची (बदल लागू होण्याआधी सक्तीने थांबण्याची) मुदत, ऑरॅकलचा (भावाच्या फीडचा) पत्ता, फी, मर्यादा, प्रत्येक रोल कोणाकडे आहे. सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे डिप्लॉय करणाऱ्या पत्त्याकडचा अ‍ॅडमिन रोल. मल्टिसिगला रोल दिला जातो, पण जुन्याचा काढून घेतला जात नाही, आणि मल्टिसिगकडे रोल आहे का एवढंच बघणारी टेस्ट हिरवी राहते. टेस्ट उलटी लिहावी: यादीबाहेरच्या कोणाकडेही रोल नाही. त्यासाठी रोल दिल्या-काढल्याचे सगळे इव्हेंट पहिल्या ब्लॉकपासून वाचावे लागतात.

बाइटकोडही जुळवायचा. चेनवरचा कोड आणि गोठवलेल्या कमिटवरून बांधलेला कोड शेजारी ठेवले की दोन ठिकाणी फरक दिसणं साहजिक असतं: शेवटचा मेटाडेटाचा तुकडा, आणि इम्युटेबल (डिप्लॉय होताना एकदाच ठरणाऱ्या) किमती, ज्या आपल्याकडच्या आर्टिफॅक्टमध्ये शून्य असतात. लायब्ररी बाहेरून लिंक केली असेल तर तिचा पत्ता हे तिसरं ठिकाण. याखेरीज एक बाइट जरी वेगळा आला तरी लाँच थांबतं.

पहिले दिवस जमा करण्याच्या मर्यादेसह. आत आपलेच थोडे पैसे घालून पूर्ण फेरी मारायची: जमा, काढणं, पॉज, पॉज असताना काढायचा प्रयत्न, अनपॉज, आणि टाइमलॉकमधून एक निरुपद्रवी अपग्रेड. ही शेवटची पायरी लोक टाळतात. पण खऱ्या संकटात पहिल्यांदाच अपग्रेडची वाट चालून बघणं परवडत नाही.

लाइव्हनंतर तेच चार इन्व्हेरियंट मॉनिटर बनतात. प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे इथेरियमवर १२ सेकंदांनी, चेनवरून आकडे वाचून नियम तपासायचे. इशाऱ्यासाठी ताजा ब्लॉक, हिशेबासाठी मात्र फायनल झालेला, जो साधारण १३ मिनिटं मागे असतो. शेअरच्या किमतीच्या नियमात राउंडिंगचं एक एकक सोडावं, नाहीतर रात्रभर खोटे इशारे येतात आणि दोन दिवसांत सगळे ते म्यूट करतात. सोबत रोल बदलणं, अपग्रेड, टाइमलॉकमध्ये काही शेड्यूल होणं, फीड शिळं होणं यांचे इशारे. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजमधून (दोन चेनमध्ये पैसे नेणाऱ्या पुलामधून) ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली आणि ते सहा दिवसांनी, एका वापरकर्त्याला पैसे काढता येईनात तेव्हा लक्षात आलं. ब्रिजमधली शिल्लक आणि दुसऱ्या बाजूचं देणं यांची वजाबाकी करणारा मॉनिटर पहिल्याच ब्लॉकला ओरडला असता. मॉनिटरलाही तोच प्रश्न लागू आहे: हा लाल कधी होतो? दर आठवड्याला सेपोलियावरच्या प्रतीत नियम मुद्दाम मोडतो आणि फोन वाजतो का ते बघतो. मॉनिटर बंद पडला तर ते कळवणारी वेगळी घंटाही लागते.

पॉजचा अधिकार वेगळ्या, फक्त पॉज करू शकणाऱ्या पत्त्याला असावा. पाचपैकी तीन सह्या मध्यरात्री गोळा होईपर्यंत फार उशीर होतो. पॉज नेमकं काय थांबवतो हेही टेस्टमध्ये हवं. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपाउंड या कर्ज देणाऱ्या प्रोटोकॉलच्या एका अपग्रेडनंतर कॉम्प टोकन चुकून जास्त वाटली जाऊ लागली, आणि वाटप थांबवायला सात दिवसांच्या गव्हर्नन्स (टोकनधारकांच्या मतदानाच्या) प्रक्रियेशिवाय मार्ग नव्हता. कर्ज देणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये उलटा धोका: पॉजने परतफेड थांबते, व्याज मात्र चढत राहतं, आणि अनपॉज होताच प्रामाणिक कर्जदार लिक्विडेट होतात, म्हणजे त्यांचं तारण विकलं जातं.

मल्टिसिगवर सही करणाऱ्याने पडद्यावर दिसतं त्यावर जाऊ नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजच्या सही करणाऱ्यांना पडद्यावर साधा व्यवहार दिसत होता, सही वेगळ्याच व्यवहारावर झाली. व्यवहाराचा हॅश वेगळ्या मशीनवर स्वतः काढून हार्डवेअर वॉलेटवरच्या हॅशशी जुळवायचा. सरावात आम्ही मधूनच एक चुकीचा व्यवहार सहीसाठी ठेवतो, तो अडवला गेला पाहिजे.

अपग्रेड म्हणजे नवं लाँचच. स्टोरेज लेआउट (कोणती किंमत कुठल्या जागी साठवली ते) जुन्याशी ओळीओळीने ताडून बघायचा. मधे एक व्हेरिएबल घुसलं तर पुढच्या सगळ्या किमती सरकतात. मग फोर्कवर खऱ्या ठेवीदारांची शिल्लक आधी वाचायची, अपग्रेड करायचं, पुन्हा वाचून जुळवायची. ऑगस्ट २०२२ मध्ये नोमॅड ब्रिजमधून सुमारे १९ कोटी डॉलर गेले त्याचं मूळ अपग्रेडमध्येच होतं: इनिशियलाइझ करताना शून्य हा रूट (मेसेज सिद्ध झाल्याची खूण) विश्वासू ठरला, आणि कधीच सिद्ध न झालेल्या मेसेजचा रूटही शून्यच असतो. अपग्रेड केलेल्या फोर्कवर ‘सिद्ध न झालेला मेसेज नाकारला गेला पाहिजे’ एवढी एक टेस्ट लाल झाली असती.

जुनं कॉन्ट्रॅक्ट सोडून नव्या पत्त्यावर जात असू, तर जुन्याचे मॉनिटर बंद करू नयेत. त्यातली ठेव निघून गेली तरी लोकांनी त्याला दिलेली अमर्याद अप्रूव्हल तशीच असतात, आणि त्यात नंतर बग सापडला तर पैसे व्हॉल्टमधून नाही, थेट लोकांच्या वॉलेटमधून जातात. स्थलांतराच्या पानावर अप्रूव्हल रद्द करायचं बटण द्यावं आणि जुन्या पत्त्याला किती अप्रूव्हल उरलीत याचा आकडा इव्हेंट वाचून दर आठवड्याला काढत राहावा.